गाण्यावर थर चढवताना: कोकणातल्या बँडसाठी ओव्हरडब आणि मिक्सिंग

बँडची चार-पाच गाणी बसली, तालुक्याच्या गावी दोन-तीन कार्यक्रमही झाले, आणि आता ती गाणी नीट रेकॉर्ड करायची आहेत. कुडाळ असो, चिपळूण असो की अलिबाग, आठवडाभर मोठा स्टुडिओ भाड्याने घेणं बहुतेकांच्या खिशाला झेपत नाही. मग वाट साधारण अशी निघते: ड्रम एका दिवसात पणजी, कोल्हापूर किंवा पुण्याच्या स्टुडिओत जाऊन वाजवून आणायचे, आणि बास, गिटारी, पेटी, गायन, कोरस हे सगळं घरी एकेक करून चढवायचं. आधी वाजलेलं कानात ऐकत पुढचं वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं, याला ओव्हरडब म्हणतात. सगळे ट्रॅक झाले की त्यांचे आवाज जुळवून एक गाणं करायचं, ते मिक्सिंग.

ही युक्ती जुनी आहे. लेस पॉल हा अमेरिकन गिटारवादक १९४० च्या दशकात तबकड्यांवरच एकट्याने गिटारीचे थर रचत होता. १९५७ साली त्याच्याकडे अँपेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं टेप मशीन आलं. आठ ट्रॅक संपले की संपले, पुढचं काही चढवायचं तर आधीचं एकत्र करावं लागे. आज लॅपटॉपवर ट्रॅकना अंतच नाही, आणि घरच्या स्टुडिओची खरी अडचण तीच आहे. भाडं चढत नसतं, त्यामुळे ‘आता पुरे’ असं कोणी म्हणत नाही. गाण्यात गिटारीचे अकरा ट्रॅक होतात, त्यातले नऊ ‘मिक्सिंगला बघू’ म्हणून ठेवलेले असतात, आणि मिक्सिंगला बसलेला माणूस डोकं धरून बसतो. पुढे जे सांगतोय त्याचा रोख एकच आहे: निर्णय माईकसमोर घ्या, मिक्सिंगवर ढकलू नका.

हंगाम बघून तारखा लावा

हे शहरातल्या मार्गदर्शकांत सापडणार नाही, पण आपल्याकडे इथूनच सुरुवात होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पत्र्याच्या छपराखाली त्या दिवसांत कंडेन्सर माईक (बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक माईक) उघडायचा विचारही करू नका. कौलं असतील तर आवाज थोडा सौम्य, पण गायनाच्या मागे तो येणारच. वर रात्री बेडूक आणि रातकिडे. रातकिड्यांची किरकिर नेमकी त्या वरच्या पट्ट्यात बसते जिथे शब्दांची स्पष्टता असते, त्यामुळे नंतर ती काढायला गेलात तर शब्दही बोथट होतात.

दुसरीकडे, यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बँडमध्ये कोणी मच्छीमार घरातला असेल तर त्याला मोकळा वेळ मिळतो तो याच दोन महिन्यांत. एप्रिल-मे आंब्याचा, तेव्हा बागायतदारांच्या पोरांना फोन उचलायलाही फुरसत नसते. गणपतीत सेशन ठरवणाऱ्याला तर मी हातच जोडतो.

म्हणून माझी विभागणी अशी असते. माईक लागतील ती कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारी: हवा कोरडी, पंखा बंद ठेवला तरी जीव जात नाही. एडिटिंग आणि मिक्सिंग पावसात, कारण त्याला माईक लागत नाही. बास आणि इलेक्ट्रिक गिटार थेट इंटरफेसमध्ये (वाद्य आणि माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) वायर घालून घेणार असाल तर तीही पावसात चालतात. दिवसातली वेळ विचाराल तर दुपारी जेवून गाव आडवं झालं की ते दोन-अडीच तास. सकाळी कोंबडे, एसटी आणि मासेवालीची हाक, रात्री किडे.

वळवाच्या दिवसांत, मे अखेर आणि परत ऑक्टोबरात, आभाळ गडगडायला लागलं की प्लग भिंतीतून उपटून ठेवायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. इंटरनेटची केबलही काढा.

आधी कागद

प्रत्येक गाण्याला एक पान. डाव्या बाजूला गाण्याचे भाग खाली खाली लिहा: सुरुवात, पहिलं कडवं, ध्रुपद, दुसरं कडवं, सोलो, शेवट. वर आडवी वाद्यं. कुठल्या भागात कुठलं वाद्य वाजणार त्या चौकोनात खूण करा. सगळे चौकोन भरलेले दिसले तर गाणं भरगच्च आहे, सुंदर नव्हे. दुसऱ्या कडव्यातली गिटार काढली की ध्रुपद आपोआप मोठं वाटतं, त्यासाठी ध्रुपदात आणखी काही घालावं लागत नाही. हे भांडण कागदावर झालेलं बरं. एखाद्याने तासभर घाम गाळून वाजवलेला ट्रॅक नंतर बंद करायचा म्हटलं की बँडमध्ये अबोला सुरू होतो.

त्याच पानावर लय लिहा, मिनिटाला किती ठोके ते. ड्रम घ्यायला जाल तेव्हा क्लिकवरच, म्हणजे कानात लयीची टिकटिक ऐकतच घ्या, आणि गाण्याआधी दोन आवर्तनांचा क्लिक रेकॉर्ड झालेला असू द्या. नंतरच्या प्रत्येक ओव्हरडबला तोच आधार असतो. सोबत एक गिटार आणि कच्चं गायन असा मार्गदर्शक ट्रॅकही हवा. तो बेसूर असला तरी चालेल, पण भागांची लांबी बरोबर पाहिजे.

स्टुडिओतून ड्रम घरी आणताना सगळ्या फाइली वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा घ्या, आणि प्रत्येक फाइल शून्य सेकंदापासून सुरू झालेली असू द्या. मग घरी नुसत्या ओढून टाकल्या की जागेवर बसतात. या दर्जाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. चार मिनिटांचं, चोवीस ट्रॅकचं गाणं म्हणजे आठशे एमबीच्या पुढे. गावाकडच्या नेटवर ते उतरवत बसण्यापेक्षा हार्डडिस्क घेऊन जा.

खोली

आवाजबंद खोली बांधायच्या भानगडीत पडू नका. बाहेरचा आवाज अडवायला जाड भिंती आणि फटी नसलेली दारं लागतात, स्पंजचे चौकोनी तुकडे चिकटवून ते होत नाही. स्पंजने, गोधडीने होतं ते एवढंच की खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो. तुम्हाला तेवढंच पाहिजे आहे.

जुन्या घरातली गिलावा न केलेल्या चिऱ्याची खोली असेल तर ती निवडा. खडबडीत, छिद्रं असलेला जांभा गुळगुळीत सिमेंटच्या भिंतीपेक्षा आवाज थोडा कमी फेकतो. कौलारू उतरतं छप्परही चांगलं, कारण समोरासमोरचे सपाट पृष्ठभाग कमी झाले. नवीन बंगल्यातली टाइल्सची रिकामी खोली सर्वांत वाईट. तिथे टाळी वाजवून बघा, शेवटी एक झणझणीत शेपूट ऐकू येईल. त्या शेपटासकट गायन रेकॉर्ड झालं तर पुढे कुठलंही प्लगइन (आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर) ते सोडवून देत नाही.

गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड वाकळी टांगा. पाठीमागे आधी, कारण माईकचं तोंड तिकडे असतं. खाली सतरंजी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गायलं तरी चालतं.

खालच्या सुरांचं मात्र वाकळीने काही होत नाही. खोलीची लांबी तीन मीटर असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज खोलीत अडकून फुगतो. बासच्या मोकळ्या ए तारेचा स्वर ५५ हर्ट्झ आहे. तेव्हा एकच स्वर घुमतोय आणि बाकीचे बारीक वाटतायत असं दिसलं तर बासवादकाला बोल लावण्याआधी खोली मोजा. बास थेट वायरने घेतला तर रेकॉर्डिंगपुरता हा प्रश्न उरत नाही, मिक्सिंगला मात्र तो परत समोर येतो.

गुणगुण आणि खारी हवा

गिटारीचा आवाज बंद असताना स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ येत असेल तर ती आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या १००, १५० हर्ट्झच्या बहिणी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली, तर दोष चार्जर किंवा अर्थिंगमध्ये आहे, आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं हा शंभर प्लगइनांपेक्षा चांगला खर्च. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर गिटार घेऊ नका, त्यातून येणारी वीज खरखरीत असते. लाईट गेली की त्या वेळात जेवून घ्यावं.

माईक वापरून झाला की पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. कंडेन्सर माईकच्या पडद्यावर ओल धरली की तो चरचरतो, फुटतो. तारा सेशनच्या आदल्या दिवशी बदला, म्हणजे ताणून ताणून स्थिर होतात. किनाऱ्यावरच्या घरात जुन्या तारांचा आवाज आठवड्यात मरतो.

पातळी आणि उशीर

२४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना मीटर लाल रेषेला टेकवायची काही गरज नाही. सर्वांत जोरात गातानाही शिखर (शून्य म्हणजे लाल रेषा) उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. गायक तपासणीला नेहमी हळू गातो आणि लाल दिवा लागला की सुटतो, हे धरूनच गेन (आत येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवा.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतोय अशी तक्रार आली की सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज तुकड्यातुकड्याने साठवून पुढे द्यायची जागा) बघा. १२८ नमुन्यांचा बफर ४८ किलोहर्ट्झला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत उशीर करतो, १०२४ चा एकवीस मिलिसेकंद. एकवीसवर ताल सांभाळून वाजवणं कठीण. रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्सिंगला मोठा. लॅपटॉप जुना असून लहान बफरला अडखळत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण वापरा. त्यात आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. रीपर साठ दिवस मोफत वापरून बघता येतं, मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच त्यात असतं.

थर कुठल्या क्रमाने

ड्रमनंतर बास, मग ताल धरणाऱ्या गिटारी, मग पेटी किंवा कीबोर्ड, मग मुख्य गायन, मग कोरस, आणि सजावट शेवटी. माझा आग्रह आहे की सोलो गिटार मुख्य गायनानंतरच घ्यावी. गायन आधी बसलं की सोलोवाल्याला कुठे गप्प बसायचं ते कळतं.

एका गोष्टीत मात्र क्रम उलटा करावा लागतो, ती म्हणजे पेटी. आपल्याकडच्या बँडना भजनातली पेटी, मृदंग, झांज गाण्यात आणायचा मोह होतो, आणि तो चांगला मोह आहे. पण गिटार पिळून सुरात आणता येते, पेटी येत नाही. ड्रमला जाण्याच्याही आधी ज्या बुवांची पेटी वापरणार त्यांच्याकडे ट्यूनर घेऊन जा. भाता हळू आणि जोरात असा दोन्हीने मारत मधल्या सप्तकातले सगळे स्वर तपासा. ए ४४० हर्ट्झला असेलच असं नाही. ४४५ ला असेल तर गिटारीशी जवळपास २० सेंटचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. कानाला तो बोचतोच. मग बास आणि सगळ्या गिटारी ट्यूनरवर ४४५ लावून घ्यायच्या. हे आधी कळलं तर दोन मिनिटांचं काम आहे. गिटारी घेऊन झाल्यावर कळलं तर एक तर पेटी सोडा, नाही तर गिटारी पुन्हा वाजवा.

पेटी रेकॉर्ड करताना माईक पाठीमागच्या बाजूला, हातभर लांब आणि थोडा वर ठेवा. जवळ नेला की भात्याची धाप आणि पट्ट्यांची खटखट जास्त येते. झांजेला तर आणखी लांब, आणि वाजवणाऱ्याला सांगा की नेहमीच्या निम्म्या जोराने वाजवा. खोलीत ठीक वाटणारी झांज रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांच्या डोक्यावर बसते.

गिटारीचे दोन थर

रॉकमधली ती रुंद, दोन्ही कानांत पसरलेली गिटार एकाच रेकॉर्डिंगची प्रत करून मिळत नाही. तोच ट्रॅक डावीकडे आणि उजवीकडे ठेवला की तो बरोबर मधोमध, फक्त जोरात ऐकू येतो. तोच तुकडा खरोखर दोनदा वाजवावा लागतो. दोन वाजवण्यांत केसभर फरक पडतात आणि रुंदी त्या फरकांतून येते. पहिला पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. दुसऱ्या वेळी गेन थोडा कमी करा, जमलं तर गिटारच बदला.

दुसरा थर वाजवताना पहिला थर हेडफोनमध्ये एकाच कानात ऐकवा आणि ड्रम दोन्हींत. तारा दाबून थांबवायच्या जागा दोघांत एकदम यायला हव्यात. सुरुवात पाच-दहा मिलिसेकंद मागेपुढे झालेली खपते, पण थांबताना एक गिटार लोंबकळत राहिली की सगळा ढिलेपणा उघडा पडतो. म्हणून आधी थांबे तपासा.

अँपसमोर एकच डायनॅमिक माईक (मोठा आवाज सोसणारा दणकट माईक) पुरतो, शूअरचा एसएम ५७ जगभर याच कामाला लावतात. दोन माईक लावायची हौस असेल तर हे ध्यानात ठेवा: आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन माईक वेगवेगळ्या अंतरावर असतील तर दोन्ही एकत्र करताच काही सूर एकमेकांना खातात आणि गिटार डब्यातून आल्यासारखी वाटते. एकावरचं फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटं करायचं बटण दाबून बघा, जिकडे आवाज भरदार तिकडे ठेवा. अँपबरोबर गिटारीची कोरडी वायरही (अँपमधून न गेलेला थेट आवाज) वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवा. ‘नंतर बघू’ची एवढी एकच सवलत मी देतो. अकूस्टिक गिटारीला माईक भोकासमोर नको, बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) दिशेने, वीतभर लांब.

गायन

इथे घाई करू नका. ऐकणारा गिटारीचा टोन विसरतो, शब्द विसरत नाही.

माईकपासून गायकाचं तोंड वीतभर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). मराठीत फ, भ, प, ब यांचे फुगे माईकवर आदळतात आणि च, ज, झ, स, श टोचतात. ‘माझ्या’, ‘चांदणं’, ‘जसा’ असे शब्द ओळीत लागोपाठ आले की शिट्टीच ऐकू येते. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित वर, कपाळाच्या उंचीला नेऊन खाली वळवला की दोन्ही त्रास बरेच कमी होतात. ही दोन मिनिटं इथे घालवली की मिक्सिंगला डी-एसरशी (ही टोच कमी करणारं प्लगइन) झटावं लागत नाही.

हेडफोन बंद कपांचे हवेत, नाही तर क्लिकचा आवाज माईकमध्ये जातो आणि गाण्याच्या शेवटी, सगळं शांत झाल्यावर, टिकटिक ऐकू येते. शेवटच्या स्वराआधी क्लिक बंद करायची सवय लावा. गायकाला कानात काय द्यायचं हा निम्मा खेळ आहे. ‘माका माझोच आवाज आयकाक येणा नाय’ असं तो म्हणाला की लगेच त्याचा आवाज वाढवायच्या आधी बाकीचे कमी करून बघा. बेसूर होत असेल तर डिस्टॉर्शनच्या गिटारी कमी आणि पेटी किंवा बास वाढवा, सूर पकडायला साफ आधार लागतो. सगळ्यांत जास्त चालणारा उपाय म्हणजे हेडफोनचा एक कप कानावरून मागे सरकवणं. आणि थोडा रिव्हर्ब (खोलीचा घुमार) द्या, फक्त ऐकायला, रेकॉर्डमध्ये नव्हे.

घ्यायची पद्धत अशी. पूर्ण गाणं तीन-चार वेळा सलग गाऊन घ्या. मध्ये थांबवू नका, चुका सांगू नका. मग गायकाला बाहेर पडवीत पाठवा, पाणी, कोमट असेल तर उत्तम, आणि तुम्ही कागदावर ओळींसमोर कुठला टेक (कितव्या वेळचं गायन) चांगला ते टिपा. बहुतेक ओळी मिळालेल्या असतात. दोन-तीन उरतात, त्यांच्यासाठी पंच-इन, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा घेणं.

समजा दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ हवी आहे. तिच्या आधीच्या दोन ओळी वाजवायच्या आणि गायकाला त्या दोन्ही ओळींसकट गायला लावायचं. नुसती तिसरी ओळ मागितली की तो थंड आवाजात सुरू करतो, आणि सांधा सुराने नव्हे, श्वासाने उघडा पडतो. रेकॉर्डिंग ओळीच्या आधीच्या श्वासापूर्वी सुरू होऊ द्या. जोडताना कापणी त्या श्वासाच्या आधीच्या शांततेत करा आणि पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं) द्या. श्वास कापून टाकू नका. श्वास नसलेलं गायन ऐकणाऱ्याला का ते कळत नाही, पण गुदमरल्यासारखं होतं.

त्याच दिवशी, माणसं समोर असताना, निवड संपवा. एक अंतिम गायन ट्रॅक तयार करा आणि उरलेले टेक वेगळ्या फोल्डरमध्ये लपवा. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर एखाद्या स्वराला वापरायला माझी ना नाही. पूर्ण ओळीला लागत असेल तर परत गाऊन घ्या.

कोरसला तिघं असतील तर तिघांना एका माईकभोवती उभं करा, मोठ्या आवाजाचा माणूस एक पाऊल मागे. दोनदा घ्या, डावी-उजवीकडे टाका. गावातल्या आरतीला सवयीने एकत्र गाणारी पोरं हे काम शहरातल्या सेशन गायकांपेक्षा लवकर करतात.

मिक्सिंग

सेशनची (गाण्याच्या संगणकातल्या फाइलची) प्रत करा, नाव बदला, मूळ प्रत बाजूला. मग ट्रॅकना नावं आणि रंग, ड्रम एका ग्रुपमध्ये, गिटारी एका, आवाज एका. ‘ऑडिओ १७’ नावाचा एकही ट्रॅक उरता कामा नये.

पहिला तास एकही प्लगइन नाही. सगळे फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या दांड्या) खाली, आउटपुट मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज), आवाज एवढा हळू की शेजारी कोणी बोललं तर कळेल. आधी मुख्य गायन आणि स्नेअर (ड्रममधला कडक ठोका), मग किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास, मग बाकीचे. मोनोमध्ये हळू आवाजात शब्द कळले आणि ताल पायाला लागला तर मिक्स निम्म्याहून जास्त झाला. नुसत्या फेडरने गाणं उभं राहत नसेल तर बहुधा मांडणीत गडबड आहे. तो कागद काढा आणि काहीतरी बंद करा.

हळू ऐकायचं कारण कानात आहे. आवाज मोठा झाला की खालचे आणि वरचे सूर कानाला प्रमाणाबाहेर भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं. त्यामुळे मोठ्याने लावलं की कुठलाही मिक्स बरा वाटतो. अधूनमधून मिनिटभर मोठ्याने ऐका, पण त्या मिनिटात निर्णय घेऊ नका.

पॅन करताना, म्हणजे कोण डावीकडे कोण उजवीकडे ते ठरवताना, किक, बास, स्नेअर आणि गायन मध्ये, गिटारी कडांना, बाकीचे मधल्या मोकळ्या जागी.

आता इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणं. नवशिका प्रत्येक ट्रॅक एकेकटा ऐकून त्याला सुंदर करतो आणि मग सगळे सुंदर एकत्र वाजले की चिखल होतो. एसटीच्या एका बाकड्यावर चौघं बसायचे तर प्रत्येकाला थोडं अंग चोरावं लागतं, तसंच हे आहे. गिटारी आणि गायनाचं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढा. तिथे त्यांचं काही कामाचं नसतं, पंख्याची घरघर आणि पायाचे धक्के असतात. चिखल बहुधा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये. तिथे गिटारींचं दोन-तीन डेसिबल कमी केलं की गायन न वाढवता पुढे येतं.

किक आणि बास यांची जागा ठरवणं हे सर्वांत किचकट. दोघांनाही ५० ते १०० हर्ट्झ पाहिजे असतात. एकाला तळ द्या, दुसऱ्याला त्याच्या वर बसवा. किक ६० ला फुगवली असेल तर बासचं तिथलं थोडं काढा आणि बासला ९०-१०० पाशी राहू द्या. मग बासचं ७०० ते १००० हर्ट्झमधलं थोडं वाढवा, म्हणजे मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर, जिथे तळ मुळात पोचतच नाही, तिथेही बासची ओळ कळते. गाणं ऐकणारे बरेचजण मोबाइलवरच ऐकणार आहेत. बदल केल्यावर दोन्ही एकत्रच ऐका, आणि इक्वलायझर चालू-बंद करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, नाही तर जे जोरात तेच बरं वाटतं.

गायनाला कंप्रेसर (जोराचा आवाज दाबून सारखा करणारं प्लगइन) ३:१ किंवा ४:१, तीन ते सहा डेसिबल दाबेल एवढाच. त्याने न सुटणारं फेडरच्या ऑटोमेशनने सोडवा. ओळीचा शेवटचा शब्द गायक नेहमी टाकतो, तो हाताने एक-दीड डेसिबल उचला. कंटाळवाणं काम आहे, पण व्यावसायिक मिक्स आणि घरगुती मिक्स यांतला फरक मला बहुतेक वेळा इथेच दिसतो.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा न लावता एका ऑक्सवर (सगळ्यांच्या सामायिक ट्रॅकवर) लावून तिथे सगळ्यांना थोडं थोडं पाठवा. गायनाला २० ते ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) दिला की शब्द पुढे राहतात आणि जागा मागे पसरते. डिलेचा (आवाज ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवण्याचा) हिशेब सोपा: ६०,००० ला लयीने भागा. ९६ च्या लयीला ६२५ मिलिसेकंद, त्याच्या निम्मे ३१२. रिव्हर्ब बरोबर वाटला की आणखी थोडा कमी करा.

स्पीकर असतील तर ते आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, उंची कानाइतकी. नसतील तर हेडफोनवर मिक्स करा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त तळाचा निर्णय गाडीत आणि मोबाइलवर तपासल्याशिवाय पक्का धरू नका. तुमच्या प्रकारचं एखादं चांगलं मिक्स झालेलं गाणं शेजारच्या ट्रॅकवर ठेवा आणि तुमच्या पातळीवर आणून अधूनमधून ऐका. तासाभराने खळ्यात चक्कर मारा. कान थकले की माणूस वरचे सूर वाढवत सुटतो, आणि सकाळी ते कानाला टोचतात.

बाहेर पाठवताना

मास्टरिंगला (मिक्सवरचा शेवटचा हात) देताना मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, लिमिटर (शिखरं रोखणारं प्लगइन) नको आणि शिखर उणे ३ ते उणे ६ डेसिबलवर ठेवा. स्वतःच मास्टर करणार असाल तर आवाज फुगवायच्या शर्यतीत उतरू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला वाटणाऱ्या जोराचं माप) आसपास आणून वाजवतं, त्यामुळे दाबून फुगवलेलं गाणं तिथे पुन्हा खाली येतं, दाबल्याची इजा मात्र तशीच राहते. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

शेवटी चार फाइली काढा: पूर्ण मिक्स, गायन एक डेसिबल वर असलेला मिक्स, गायनाशिवायचा, आणि सगळे ग्रुप वेगवेगळे. गायन वर असलेला मिक्स पंधरा दिवसांनी ऐकल्यावर बरेचदा तोच बरोबर निघतो. गायनाशिवायचा गावच्या मंचावर ड्रम नेता येत नाहीत तेव्हा कामाला येतो. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. मुंबईला परतणाऱ्या एखाद्या चाकरमान्याकडे दिलीत तर ती ओलीपासूनही वाचेल.